‘स्वामी’ संपली. आता पेशवाईवरचं काय वाचू?

सातपूरकर
नमस्कार मंडळी. सातपूरला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन वाचतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ परवा संपली आणि माधवरावांचं थेऊरचं शेवटचं आजारपण काही डोक्यातून जात नाही. शिवकाळावरच्या कादंबऱ्या वडिलांनी जमवलेल्या आहेत, त्या सगळ्या वाचल्यात. आता पेशवाईच हवी. नुसत्या लढाया नकोत, माणसं कळली पाहिजेत. आपल्या नाशिकशी संबंध असला तर उत्तमच. सुचवा.

गोदातीर
ना. सं. इनामदार धरा आणि सोडू नका. ‘शिकस्त’पासून सुरुवात करा. पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परत येत नाहीत, आणि पार्वतीबाई ते गेले हे मानायला तयार नाहीत. तुम्हाला माणसं हवीत ना, मग हीच.

द्राक्षबाग
सातपूरकर भाऊ, नाशिकशी संबंध असलेली कादंबरी शोधताय आणि आत्ता खाली ठेवलीत ती काय आहे? माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पुणं सोडून आल्या त्या गंगापूरला. राघोबादादांचा वाडा आनंदवल्लीला, म्हणजे तुमच्या शेजारीच. त्या गावाचं नाव आनंदीबाईंवरूनच पडलं. काका-पुतण्याचं भांडण तुटेपर्यंत ताणलं गेलं ते १७६८ साली आपल्या धोडप किल्ल्यावर. तिथेच दादांचा पराभव झाला आणि त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. एका रविवारी गंगापूर, आनंदवल्ली पाहून या आणि मग गोपिकाबाईंची पानं पुन्हा उघडा. मुलगा गादीवर असताना आई इतक्या लांब नदीकाठी येऊन राहते, यातला हट्ट आणि दुःख दोन्ही तेव्हा अंगावर येतं.

आता पुढचं पुस्तक. माझं मत ‘झेप’ला. तीही इनामदारांचीच, नायक त्र्यंबकजी डेंगळे. शाळेच्या पुस्तकात हा माणूस एका ओळीत येतो: दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा आरोप. शास्त्री मारले गेले पंढरपुरात, १८१५ साली. इंग्रजांनी त्र्यंबकजीला मागून घेतला आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडला. पुढच्याच वर्षी तो तिथून निसटला. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याची निगा करताना मराठी गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोहोचवायचा, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना ओ की ठो कळायचं नाही, अशी हकिकत सांगतात. १८१८ मध्ये तो पुन्हा सापडला तो आमच्या निफाड तालुक्यात, अहेरगावला. पिंपळगावहून आमच्या बागेकडे जाताना अहेरगावचा फाटा लागतो. पुढे त्याला उत्तरेत गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात धाडलं आणि तो तिथेच गेला.

मला ही कादंबरी आवडते, कारण हरलेल्या आणि बदनाम झालेल्या माणसाजवळ बसायला ती भाग पाडते. माधवरावांवर प्रेम करायला कष्ट पडत नाहीत. त्र्यंबकजीचं तसं नाही. त्याची धडाडी आवडते, त्याच्या धन्याची धरसोड बघून जीव तुटतो, आणि शास्त्र्यांच्या खुनाचं काय, हा प्रश्न तरीही सुटत नाही. ऐतिहासिक कादंबरीने हे करावं असं मला फार वाटतं. जिंकणाऱ्यांच्या आरत्या पुष्कळ झाल्या.

कागदपत्रं
ताई, सगळं मान्य, पण एक सांगतो. इनामदार त्र्यंबकजीच्या बाजूने उभे राहून लिहितात. कादंबरी संपली की रियासतकार सरदेसायांच्या ‘मराठी रियासत’मधला तोच काळ वाचावा, नाहीतर लोक संवादसुद्धा इतिहास म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवतात.

द्राक्षबाग
अगदी बरोबर, वाचाच. फक्त क्रम उलटा नको. आधी रियासत हातात दिली तर तारखांच्या गर्दीत नवा वाचक बिचकतो. आधी माणूस भेटू दे, मग त्याची कागदपत्रं तपासायची ओढ आपोआप लागते. माझ्या भाच्याचं हेच झालं. ‘झेप’ वाचून पेटला आणि रियासतीचे खंड स्वतःहून मागायला आला.

सातपूरकर
ताई, गंगापूर रोडने इतक्यांदा गेलोय, पण गोपिकाबाई तिथे राहत होत्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आधी ‘झेप’, मग ‘शिकस्त’ असं ठरवतो. सार्वजनिक वाचनालयात मिळतील का?

गोदातीर
सावानात नक्की विचारा. १८४० सालचं वाचनालय आहे, इनामदार नसतील असं होणारच नाही. आणि धोडपला जाणार असाल तर हट्टी गावातून चढा, पाणी भरपूर घ्या. माचीवर वेळ काढून बसा, १७६८ची पानं तिथे वाचायला पुस्तक सोबत असू द्या.