१९६८ ची कॅमारो: इंजिन नक्की कोणते, आणि फ्लेक्सप्लेट बदलल्यावर थरथर कशाने?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १९६८ ची शेव्हरोले कॅमारो आहे. तिच्यातले इंजिन मूळचेच, म्हणजे ३२७ घनइंचांचे व्ही-८ आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, जिथे गिअरबॉक्स जोडला जातो त्या कडेवर, ३९७००१० हा कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच उमटवलेला क्रमांक) आहे आणि त्याच कडेच्या दुसऱ्या बाजूला ‘जी १५ २’ अशी खूण आहे.

मागच्या महिन्यात फ्लेक्सप्लेटचे (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधल्या दातेरी चकतीचे) दाते झिजल्यामुळे मी शेव्हरोलेच्याच स्मॉल ब्लॉक घराण्यातल्या (लहान आकाराच्या व्ही-८) दुसऱ्या एका इंजिनावरून उतरवलेली फ्लेक्सप्लेट बसवली. दोन्हींचे दाते १६८ आहेत, सगळे बोल्ट विनासायास बसले आणि स्टार्टरही नीट लागतो. मात्र तेव्हापासून गाडी उभी असताना, गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी, इंजिनाचे फेरे वाढवले की सबंध गाडी थरथरते. इंजिनाखालची रबरे बदलून पाहिली, फरक पडला नाही. हे इंजिन खरोखर मूळचे ३२७ आहे का, आणि बोल्ट जुळलेली प्लेट चुकीची असू शकते का, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

इंजिन मूळचे नाही, एवढे तुम्ही दिलेल्या खुणांवरूनच सांगता येते. तारखेच्या खुणेतले अक्षर महिना दाखवते (ए म्हणजे जानेवारी, त्या हिशेबाने जी म्हणजे जुलै), मधला आकडा दिवस आणि शेवटचा आकडा वर्षाचा. वर्षाचा एकच अंक असल्यामुळे दशक कास्टिंग नंबरवरून ठरवावे लागते. ३९७००१० हा ब्लॉक १९६९ पासून सत्तरच्या दशकभर वापरात होता, तेव्हा तुमचा ब्लॉक १५ जुलै १९७२ रोजी ओतला गेला. १९६८ च्या गाडीत तो कारखान्यातून येणे शक्य नाही.

पक्की खात्री हवी असेल तर उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकवर जो लहानसा सपाट भाग असतो तो रॉकेलने पुसून पाहा. नॉरवूडच्या कारखान्यात बनलेल्या १९६८ च्या कॅमारोच्या मूळ इंजिनावर तिथे ‘१८एन’ आणि त्यापुढे गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे सहा अंक ठोकलेले असतात: १ म्हणजे शेव्हरोले, ८ म्हणजे १९६८, एन म्हणजे नॉरवूड. तुमच्या ब्लॉकवर वर्षाच्या जागी वेगळा अंक निघेल, किंवा ती जागा कोरी गुळगुळीत असेल. कोरी असल्यास लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नका, कारण ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करताना या खुणा सहज निघून जातात.

घनइंचांचा प्रश्न मात्र कास्टिंग नंबरने सुटत नाही. हाच ब्लॉक १९६९ साली ३०२, ३२७ आणि ३५० या तिन्ही इंजिनांसाठी वापरला गेला, कारण तिन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंचच आहे आणि फरक आहे तो स्ट्रोकचा (पिस्टनच्या खाली-वर धावण्याच्या अंतराचा). ३२७ चे उत्पादन १९६९ नंतर थांबले, त्यामुळे १९७२ चा ब्लॉक ३५० म्हणूनच बाहेर पडला असणार. परंतु पुढे कुणी त्यात १९६८-६९ च्या ३२७ चा क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बसवला असेल, तर तोही निमूटपणे बसतो. हेड उतरवून स्ट्रोक मोजा: ३.४८ इंच भरला तर ३५०, ३.२५ भरला तर ३२७.

दुसरे उत्तर

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण गाडी अशीच चालवत राहिलात तर मुख्य बेअरिंगांना त्रास होईल. प्लेट पुन्हा उतरवा आणि तिच्या कडेजवळ एका बाजूला पत्र्याचा जाड तुकडा वितळजोडाने लावलेला आहे का ते पाहा. माझ्या मते तो असणारच.

स्मॉल ब्लॉकच्या घराण्यात ४०० घनइंचांचे इंजिन वेगळे पडते. त्याचा स्ट्रोक ३.७५ इंच आहे आणि क्रँकशाफ्टवर पुरेसे प्रतिवजन मावत नाही, म्हणून उरलेले वजन पुढच्या हार्मोनिक बॅलन्सरवर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील चकतीवर) आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर दिलेले असते. ३२७ किंवा त्या काळच्या ३५० चा तोल क्रँकशाफ्टमध्येच पूर्ण होतो. अशा इंजिनावर ४०० ची प्लेट चढवली की बोल्ट जुळतात, दाते जुळतात आणि तोल तेवढा जातो.

वजन असलेली प्लेट १९८६ आणि त्यानंतरच्या ३५० लाही असते, पण ती तुमच्या क्रँकशाफ्टवर बसलीच नसती. त्या वर्षी मागचे ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी अखंड झाले आणि क्रँकशाफ्टच्या टोकावरील बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आला. तुमचे बोल्ट ‘विनासायास’ बसले, या एका शब्दावरून मी ४०० च्या प्लेटपर्यंत पोहोचलो.

ते वजन कापून काढण्याचा सल्ला कुणी देईल. तो मानू नका. पुढे ४०० चा बॅलन्सर बसवून जोडी जमवणे तर त्याहून वाईट. वजनाचा तुकडा नसलेली, ३.५८ इंचांच्या वर्तुळाची, १६८ दातांचीच प्लेट घ्या. १५३ दातांची घेतलीत तर स्टार्टरचे नाकाडही बदलावे लागेल, कारण मोठ्या प्लेटच्या स्टार्टरचे बोल्ट तिरपे आणि लहान प्लेटचे सरळ ओळीत असतात.

प्रश्नकर्ता

आपण दोघांचेही आभार. प्लेट उतरवली, वजनाचा तुकडा आहे. सपाट भागावर १९७२ चा २ आणि त्यापुढे कारखान्याचे वेगळेच अक्षर निघाले. हेड एवढ्यात उतरवणार नाही. मात्र मूळचे इंजिन नाही हे स्वीकारल्यावर नवा प्रश्न उभा राहतो: पाण्याचा पंप, पुल्या वगैरे १९६८ च्या हिशेबाने मागवायचे की १९७२ च्या?

तिसरे उत्तर

माझी गाडी फोर्डची आहे, म्हणून पुल्यांबद्दल बोलत नाही. पण तोलाचा हाच घोळ फोर्डच्या ३०२ मध्येही आहे हे नोंदवतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या इंजिनांना २८ औंस-इंच असंतुलनाची प्लेट लागते आणि नंतरच्यांना ५० ची. फोर्डच्या सुट्या भागांवर ‘सी ८’ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो १९६८ चा आराखडा असतो (सी म्हणजे साठचे दशक, डी म्हणजे सत्तरचे). तथापि ओतलेल्या भागावरचा हा क्रमांक आणि दुकानातला भाग क्रमांक एकच नसतात. मी एकदा ओतीव क्रमांक सांगून एक भाग मागवला आणि भलताच घरी आला.

दुसरे उत्तर देणारे, पुन्हा

वर्षाकडे पाहू नका, गाडीवर आज बसलेल्या भागांकडे पाहा. १९६८ पर्यंत कॅमारोला आखूड पंप होता आणि अल्टरनेटर चालकाच्या, म्हणजे डाव्या, बाजूला होता. १९६९ पासून पंप लांब झाला आणि अल्टरनेटर दुसऱ्या बाजूला गेला. ब्लॉकला दोन्ही पंप बसतात. पंप, पुल्या आणि ब्रॅकेट मात्र एकाच काळातले हवेत, नाहीतर पट्टा तिरका धावतो. १९६९ पूर्वीच्या हेडच्या टोकांना ब्रॅकेटसाठी भोके नसतात, तेव्हा लांब पंपाकडे वळण्याआधी तुमच्या हेडला ती आहेत का ते पाहा.

बॅलन्सरवरची टायमिंगची (ठिणगीची वेळ जुळवण्याची) रेषाही याच सुमारास सरकली. जुना बॅलन्सर आणि नंतरच्या काळातली खुणेची पट्टी एकत्र आली असेल, तर टायमिंग लाइट तुम्हाला खोटे सांगेल. गिअरबॉक्स पुन्हा जोडताना त्याच्या पुढच्या तोंडाशी बसणारा टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत सरकला आहे ना हे हाताने फिरवून पाहा, आणि इंजिन सुरू करण्याआधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन प्लगच्या भोकातून अडवून त्याच्या धावेचे वरचे टोक स्वतः शोधून बॅलन्सरवर नवी खूण करा.