ठिबकच्या व्हेंचुरीसाठी ब्लॉक-स्ट्रक्चर्ड मेश : थ्रोटवरची बाजूची नळी कशी जोडावी?

गोदाकाठ, नांदेड
नमस्कार. ठिबक सिंचनातून खत सोडण्यासाठी जी व्हेंचुरी (मधे अरुंद होणारी नळी; तिथल्या कमी दाबाने खत ओढले जाते) बसवतात, तिच्यातील प्रवाहाचा अभ्यास मी एम.टेक.च्या प्रकल्पात ओपनफोम ही प्रवाहाचे गणित करणारी संगणकप्रणाली वापरून करीत आहे. मुख्य नळीचा आतील व्यास २५ मिमी, थ्रोटचा (मधल्या अरुंद भागाचा) १० मिमी आणि खत ओढणाऱ्या बाजूच्या नळीचा ६ मिमी आहे. मुख्य नळीत ब्लॉकमेशने (मेश, म्हणजे गणितासाठी लहान सेलची जाळी, ब्लॉकमधून आखणारे ओपनफोमचे साधन) पाच ब्लॉकचा ओ-ग्रिड (मधला चौरस गाभा आणि त्याभोवती चार ब्लॉकचे कडे) नीट बसला. परंतु थ्रोटमध्ये भिंतीलगत सेल वाढवले की ते नळीच्या पूर्ण लांबीत वाढतात, आणि बाजूची नळी जोडायला गेलो की तिथले सेल चेपून चेकमेशमध्ये (मेशच्या तपासणीत) नॉन-ऑर्थोगोनॅलिटीची (सेल फार तिरके असल्याची) सूचना येते. माझे नेमके कुठे चुकत आहे?

वाळूजकर
पहिल्या तक्रारीत आपली चूक नाही. ब्लॉकच्या समोरासमोरच्या कडांवर सेलची संख्या सारखीच असावी लागते आणि शेजारच्या ब्लॉकचा पृष्ठभागही तंतोतंत जुळावा लागतो, त्यामुळे एका ठिकाणी वाढवलेली संख्या थेट दुसऱ्या टोकापर्यंत जाते. म्हणून संख्येपेक्षा ग्रेडिंगवर (सेलचा आकार क्रमाने बदलण्यावर) काम करावे. तिथेही एक खोच आहे : ब्लॉकमेशमधील गुणोत्तर हे लगतच्या दोन सेलचे नसून शेवटच्या आणि पहिल्या सेलचे असते. लगतच्या सेलमध्ये १.२ पट वाढ आणि २० सेल हवे असतील, तर १.२ चा १९ वा घात, म्हणजे सुमारे ३२ लिहावे लागते. (मी नोकरीच्या सुरुवातीला १.२ च लिहीत असे आणि मेश जवळजवळ समान का दिसतो म्हणून आठवडाभर डोके धरून बसलो होतो.) २ मिमी जाडीच्या कड्यात अशा मांडणीने भिंतीलगतचा सेल साधारण ०.०११ मिमीचा होतो.

वॉल फंक्शन (भिंतीलगतचा प्रवाह सूत्राने धरणे) वापरणार असाल तर इतका बारीक सेल नकोच. मात्र थ्रोटमध्ये वाय-प्लस (पहिल्या सेलचे भिंतीपासूनचे एककरहित अंतर) ४० ठेवला, तर २५ मिमीच्या भागात सेलची उंची अडीच पट होऊनही वेग सहा पटींहून अधिक घटतो, आणि तिथला वाय-प्लस जवळपास निम्मा, म्हणजे ३० च्या खालच्या अडचणीच्या पट्ट्यात येतो. थ्रोटमधील आकडा सुरुवातीलाच ८० च्या आसपास धरावा.

लातूरची प्राध्यापिका
दुसरी अडचण भूमितीतील आहे. १० मिमीच्या थ्रोटवर ६ मिमीचे भोक परिघाचा सुमारे ७४ अंश भाग व्यापते. आपल्या ओ-ग्रिडचा वरचा ब्लॉक ९० अंशांचा असणार, म्हणजे भोकाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ८ अंश उरतात आणि सेल तिथेच चेपतात. मधला गाभा चौरसच असावा असा काही नियम नाही. वरचा ब्लॉक १२० अंशांचा करून उरलेला परीघ तिघांत वाटावा, आणि बाजूच्या नळीचा ओ-ग्रिड त्या रुंद ब्लॉकमध्ये उतरवावा. दोन्ही नळ्यांचे अक्ष एकाच प्रतलात असल्याने सममिती धरून अर्धेच मॉडेल घेता येईल. माझ्या विद्यार्थ्यांना मी संगणकाला हात लावण्यापूर्वी जोडाचेच ब्लॉक कागदावर काढायला सांगते. सरळ नळी शेवटी आखली तरी चालते.

गोदाकाठ, नांदेड
मॅडम, १२० अंशांनी सूचना गेली, आभारी आहे. बाजूच्या नळीला पुढे वाकडी निपल (जोडनळी) आहे, तिचाही मेश याच पद्धतीने करावा का?

वाळूजकर
निपलसाठी ब्लॉक आखत बसू नये, तो वेळ वाया जातो. तेवढा भाग स्नॅपीहेक्समेशने (वाकड्या आकारावर आपोआप मेश बसवणाऱ्या साधनाने) करून थ्रोटपासून काही व्यास दूर एएमआयने (न जुळणारे दोन मेश जोडण्याच्या सोयीने) जोडावा; थ्रोटच्या तोंडाशी जोडू नये, कारण न जुळणाऱ्या पृष्ठभागावर प्रवाहाचा हिशेब अगदी तंतोतंत राहत नाही, आणि आपल्याला मोजायचे आहे ते ओढले जाणारे खतच. त्याआधी बाजूची नळी वगळून ५ अंशांच्या वेजमध्ये (नळीच्या पाचरीसारख्या कापात) एक सेल जाडीचे गणित चालवून पाहावे. त्यातील दाबातील घट प्रयोगशाळेत निपलचे तोंड बंद करून घेतलेल्या मोजमापाशी जुळली, तरच त्रिमितीय मेशवर रात्री घालवाव्यात.