अनुभव धागा: मास्कखालची कातडी

मास्क म्हटलं की करोनाचंच बोलणं निघतं, पण सोलापुरात तो तेवढ्यावर संपलेला नाही. घरी बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं श्वासाचं मशीन) लावून झोपणारे आजोबा, टीबीचं औषध चालू असलेले, केमो घेणारे, विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरची माणसं. यांच्या नाकावर, कानामागे, हनुवटीवर काय होतं हे मास्क देणारा सहसा विचारत नाही. ज्यांची कातडी मुळातच नाजूक (वय, मधुमेह, बरेच दिवस चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, अंथरूण धरलेले) त्यांचे किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांचे अनुभव लिहा. कुठे झालं, कशानं वाढलं, कशानं उतरलं. मास्क घालावा की नाही हा वाद इथे नको, तो घालून झालाय.

जुळे सोलापूर, सून

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सीओपीडी, फुप्फुसाचा जुना, दम लागणारा आजार. उभा जन्म मागाच्या खडखडाटात आणि कापसाच्या तुसात गेला, वर विडी. आता रात्रभर बायपॅप. दिवाळीनंतर नाकाच्या हाडावर काळपट डाग दिसला, घरात सगळ्यांना वाटलं चष्म्याचा असेल. मामा बोलले नाहीत. मास्क चढला की आवाज बाहेर येत नाही, आणि सकाळी विचारलं तर, "काय नाही गं, ठीक हाय." नर्सताईंनी बघितलं तोवर वरची कातडी गेलेली होती. त्या म्हणाल्या, इथे कातडी पातळ, खाली चरबी नाही, दाब सरळ हाडावर जातो.

मूळ कारण कवळीत निघालं. मामा रात्री कवळी काढून ठेवतात, मग गाल आत जातात, कडेनं हवा सुटते, मशीन ओरडायला लागतं, की आमचे हे उठून पट्टे आवळणार! मशीनवाला मुलगा आला त्यानं मामांना आडवं केलं, हवा चालू केली, सगळे पट्टे सोडले आणि दोन्हीकडून सारखे, बेतानं ओढले. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत म्हणाला. मास्कची कड हवेनं फुगून बसते, आवळली की ती फुगतच नाही. शेजारच्या काकूंनी कापसाची घडी ठेवायला सांगितली होती. त्या घडीनं दाबही वाढतो आणि हवाही सुटते, तेव्हा कुणी करू नका. शेवटी नाकाच्या हाडाला न टेकता नाकाखाली बसणारा मास्क घेतला. किंमत ऐकून मामा दोन शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही. जखम भरली, डाग आहे.

नर्स, 2020 मध्ये कोविड वॉर्डात

आमच्या नाकावरच्या वळांचे फोटो पेपरात आले. पेशंटचे आले नाहीत. पालथं झोपवलेल्या पेशंटच्या गालावर, हनुवटीवर मास्कची कड रुतायची, आणि शुद्ध हरपलेला माणूस कूस बदलून मागत नाही. एप्रिल-मेचं सोलापूर, पारा चाळिशीच्या वर, आत घाम. ओली कातडी लवकर सोलते.

एक सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, लालसर जागा बोटानं दाबा, पांढरी झाली नाही तर दाबाची जखम सुरू झाली. हे गोऱ्या कातडीचं. सावळ्या माणसाला लाली दिसतच नाही. जांभळट किंवा नेहमीपेक्षा काळी जागा बघायची, हात लावायचा. आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक लागते का, दाबल्यावर माणूस तोंड वाकडं करतो का. तिथे चोळायचं मात्र नाही, आतली इजा वाढते. आणि ऑक्सिजन चालू असताना व्हॅसलीन किंवा तेल तोंडाला फासू नका, पाण्यातलं मलम मिळतं ते विचारून घ्या.

विडी घरकुल (विडी कामगारांची वसाहत), मुलगी

अम्मा घरीच विड्या वळते. तंबाखूच्या धुळीनं खोकला, म्हणून डॉक्टरांनी मास्क दिला. तिला शुगर आहे. कानामागच्या खाचेत दोरी बसून भेग पडली, आणि तंबाखूचा हात तिथे गेला की आग व्हायची. त्याच कानावर ऐकायचं मशीन, म्हणजे दोरी, मशीन, चष्म्याची दांडी, सगळं एकाच जागी. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे "जरा थांब" म्हणून उपयोग नाही. मी म्हटलं, "अम्मा, काय करलालीस, रक्त येऊलालंय." तर म्हणते पानं वाळतील.

मी तिच्या डोक्याच्या रुमालाला दोन्ही बाजूंनी शर्टाची मोठी बटणं शिवली. दोरी बटणाला, कान मोकळा. भेग भरायला वेळ लागला, शुगरमुळे लागतोच. आता गल्लीतल्या बायका बटणं शिवून घेऊन जातात.

यंत्रमाग कामगार

मास्क मिळतो, घामानं चिकटतो, दाढीच्या खुंटात फोड येतात. दुपारनंतर खिशात. ओला झाला की बदलायला दुसरा द्या म्हणावं मालकाला.

आई, मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं)

त्याची लाळ गळते. मास्क दहा मिनिटांत भिजतो आणि हनुवटी सोलते, साबणाचा अंश राहिला तर जास्तच. करोनाच्या काळात शाळेचा मास्कचा आग्रह होता. 2020 मध्येच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको, आणि अपंगत्व असलेल्या मुलांचं ज्याचं त्याचं बघून ठरवा. तो कागद छापून नेला तेव्हा कुठे ऐकलं. आता दवाखान्यात जातानाच लावतो, पिशवीत चार-पाच सुती मास्क, दोनदा साध्या पाण्यात खळबळलेले.

दम्याचा पेशंट, वय 71

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी माझी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय. दवाखान्यात नळी गालाला चिकटपट्टीनं लावली, काढताना पट्टीबरोबर कातडी आली. आता मी आधीच सांगतो: पट्टी ओली करा, कातडी दुसऱ्या हातानं दाबून धरा, पट्टी वर ओढू नका, कातडीला लागून हळूहळू मागे दुमडा. मेडिकलवाल्यानं खाजेचं म्हणून जे मलम दिलं त्यात स्टिरॉइडच होतं. पातळ कातडीवर आणखी तेच. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन वाचलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

नर्स, पुन्हा

काकांच्या पट्टीला दुजोरा. सूनताई, फोमची पातळ पट्टी सर्जिकलच्या दुकानात मिळते, मोठी घेऊन कापून वापरता येते. पण एन-95 खाली ठेवली तर कडा बसत नाहीत आणि मास्क असून नसल्यासारखा होतो. टीबीच्या घरात हे लक्षात ठेवा. बायपॅपला पातळ असेल तर चालते, हवा सुटते का बघून.

धागा काढणारी

केमो चालू असलेल्यांपैकी कुणी अजून लिहिलेलं नाही. दाढी ठेवणाऱ्यांनीही लिहा, आणि नाकाखाली बसणारा मास्क सोलापुरात भाड्यानं कुठे मिळतो हे माहीत असेल तर तेही.