'आर्केन'चे दुसरे पर्व पहिल्याच्या तोडीचे आहे का?

चांदणवेल:

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी पुढे वाचू नये, कारण दोन्ही पर्वांचा शेवट इथे उघड होणार आहे.

'आर्केन' या ॲनिमेशन मालिकेचे पहिले पर्व नोव्हेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आले आणि दुसरे, जे शेवटचेही आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. दोन्ही वेळा नऊ भाग, तीन-तीन भागांचे तीन अंक आणि दर आठवड्याला एक अंक अशीच मांडणी होती. दोन्ही पर्वे मी ती आली तेव्हाच पाहिली होती. पण मधल्या तीन वर्षांत पहिल्या पर्वाची आठवण मनात इतकी मोठी होऊन बसली होती की दुसऱ्याबद्दलची माझी नाराजी न्याय्य आहे की नाही, याची मलाच खात्री नव्हती. म्हणून गेल्या पंधरवड्यात अठराही भाग ओळीने पाहिले. नाराजी गेली नाही, मात्र ती कशामुळे आहे हे आता नेमके सांगता येईल असे वाटते.

पहिल्या पर्वात एकही गोष्ट वाया जात नाही. पहिल्या अंकात व्हाय आपल्या धाकट्या बहिणीला, पावडरला, निळ्या ज्योतीची एक नळकांडी देते आणि सांगते की ही पेटवलीस की मी तुला शोधत येईन. पुढे पावडरच्या हातून घरातलीच माणसे मरतात, व्हाय तुरुंगात जाते, पावडरची जिंक्स होते, वर्षे उलटतात. सहाव्या भागाच्या शेवटी जिंक्स ती नळकांडी काढते आणि पेटवते. तिथे कोणी काही समजावून सांगत नाही. तो निळा उजेड दिसला की आपल्याच पोटात कालवते, कारण ती नळकांडी जपून ठेवली असेल का, हा प्रश्न आपणही इतका वेळ मनात बाळगलेला असतो. तसेच जिंक्सला लेकीसारखी वाढवणाऱ्या सिल्कोच्या डोळ्याचे. कोणावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस मान मागे टाकतो आणि आपल्या जखमी डोळ्यात औषधाची सुई टोचण्याचे काम जिंक्सच्या हाती सोपवतो. ते बाप-लेकीचे नाते मला कुठल्याही संवादापेक्षा त्या सुईने अधिक सांगितले.

दुसऱ्या पर्वात अशा गोष्टी पेरलेल्या आहेत, पण त्या उगवायला वेळच दिलेला नाही. पिल्टोव्हर या श्रीमंत शहरातल्या केटलिनची आई जिंक्सच्या रॉकेटने मरते. त्या दुःखात केटलिन झॉन या खालच्या, गरीब शहराच्या वस्त्यांमध्ये विषारी वायू सोडते. हा वायू झॉनमधून बाहेर काढणारी वायुवीजनाची व्यवस्था तिच्याच घराण्याने उभारली होती, म्हणजे ज्या घराने त्या लोकांना श्वास दिला त्याच घराची मुलगी तो काढून घेते. एवढा भयंकर आणि एवढा समृद्ध प्रसंग! तिसऱ्या भागाच्या शेवटी अँबेसा ही परकी सेनापती तिच्या हाती शहराची सत्ता देते, आणि चौथा भाग उघडतो तेव्हा काही महिने लोटून गेलेले असतात. लष्करी अंमल कसा रुजला, केटलिनला त्यात काय गोड वाटले, झॉनमधल्या एखाद्या आईने त्या वायूबद्दल तिला काय ऐकवले, यातले काहीच आपल्याला मिळत नाही. आठव्या भागात ती आणि व्हाय पुन्हा एकत्र येतात, आणि तो वायू जणू कधी सोडलाच नव्हता.

माझा प्रश्न असा आहे: हे केवळ वेळ अपुरा पडल्याने झाले, की लेखकांचे मनच दोन शहरांच्या भांडणातून निघून शास्त्रज्ञ व्हिक्टर आणि जादूवर चालणाऱ्या हेक्सटेक तंत्राच्या विश्वव्यापी संकटात गेले? आणि तुमच्या मते दुसरे पर्व पहिल्याच्या तोडीचे आहे का?

कुंचला:

मी गेली अकरा वर्षे ॲनिमेशनच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझे उत्तर आधी हातकामाच्या बाजूने देतो आणि मग कथेकडे वळतो.

फोर्तिश या पॅरिसच्या स्टुडिओची पद्धत अशी आहे की पात्रे त्रिमित असतात, पण त्यांच्या अंगावरचा रंग हाताने रंगवलेला असतो, आणि धूर, आग, ठिणग्या व स्फोट हे द्विमित पद्धतीने एकेक चित्र काढून त्यावर बसवलेले असतात. अभिनयासाठी माणसांच्या हालचाली यंत्राने टिपलेल्या नाहीत. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती ॲनिमेटरने स्वतः ठरवलेली आहे. या कसोटीवर दुसरे पर्व पहिल्याच्या पुढे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या पहिल्या भागातील अंत्यविधीचे दृश्य कोळशाने रेखाटल्यासारखे काळ्या-पांढऱ्यात उतरते, तेव्हा केटलिनचे दुःख रंगालाही सोसवत नाही असे वाटते. माझ्या कामात मी असे काही एकदाच करू शकलो तरी धन्य मानेन.

तरीही चांदणवेल यांचे म्हणणे मला पटते, आणि त्याचे कारण मला याच कौशल्यात दिसते. पहिल्या पर्वात चित्राची शैली बदलते ती पात्राच्या मनातून. जिंक्सच्या डोक्यातले आवाज वाढले की मेलेल्यांच्या चेहऱ्यांवर खडूने खरडल्यासारख्या रेघा उमटतात. सातव्या भागात तिचा लहानपणचा मित्र एको आणि ती पुलावर समोरासमोर येतात तेव्हा लढत आणि लहानपणचा खेळ एकमेकांत मिसळतात, आणि एकोचा हात थांबतो तो त्या खेळाच्या आठवणीमुळे. तिथे शैली कथेचे काम करते. दुसऱ्या पर्वात मात्र शैली बऱ्याचदा काळ ओलांडण्यासाठी वापरली आहे. एक गाणे सुरू होते, तीन मिनिटांत चार ठिकाणचे प्रसंग झरझर जातात, आणि ज्याला एक पूर्ण भाग हवा होता ते त्या गाण्यात आवरले जाते. प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे पाहिले तर देखणे आहे. एकामागून एक पाहिले की जाणवते, इथे पटकथेतले कापलेले प्रसंग संगीतावर टाकले आहेत.

याला एक मोठा अपवाद आहे तो सातव्या भागाचा. ज्या जगात हेक्सटेक कधी निर्माणच झाले नाही आणि ज्या चोरीतून सगळे अनर्थ घडले त्या चोरीतच व्हाय मरण पावली, त्या जगात एको जाऊन पडतो. तिथे पावडर पावडरच राहिली आहे, दोघी बहिणींना सांभाळणारा व्हँडर आणि सिल्को यांचे वैर मिटलेले आहे. एको आणि पावडर नाचतात ते दृश्य नीट बघा. हालचाली नेहमीच्या ओघाने येत नाहीत. एक मुद्रा थांबते, मग दुसरी येते, जणू कोणी फोटोंचा अल्बम चाळत आहे. एकोला हे जग सोडून जायचे आहे, म्हणून तो प्रत्येक क्षण वेगळा उचलून ठेवतो आहे. एको तेव्हा काय बोलतो यापेक्षा ते थांबणे मला अधिक बोलके वाटले. संपूर्ण मालिकेतला सर्वांत सुंदर भाग मी यालाच म्हणेन, पहिल्या पर्वातील भाग धरूनसुद्धा. आणि तो तसा झाला, कारण त्यात लेखकांनी घाई केली नाही: तीनच पात्रांभोवती तो फिरतो, जागा मोजक्या आहेत, आणि शांतता भरपूर आहे.

सावळी:

मला तंत्रातले कळत नाही, पण मी थोरली बहीण आहे आणि माझ्या धाकटीशी माझे जवळजवळ दोन वर्षे बोलणे बंद होते, म्हणून लिहिते. पाचव्या भागात श्वापद झालेल्या व्हँडरला व्हाय आणि जिंक्स मिळून शांत करतात आणि क्षणभर तिघे पुन्हा घर होतात, तेव्हा मला श्वास घेता येईना. आठव्या भागात व्हाय तिला तुरुंगातून सोडवायला जाते, तर जिंक्स तिलाच कोठडीत कोंडून निघून जाते. बहिणीला वाचवण्याचा हक्क बहीणच नाकारते, हे दुःख कोणी इतक्या जवळून दाखवलेले मी पाहिले नव्हते. पहिल्या पर्वाने मला त्या दोघींची ओळख करून दिली. माझ्यापुरते दुसरे पर्व कुठेच उणे पडत नाही.

मृदंगी:

चांदणवेल आणि कुंचला यांची मांडणी विचारपूर्वक आहे, तरी मला मुळातच वेगळे म्हणायचे आहे. कीर्तनात पूर्वरंगाला निरूपण असते आणि उत्तररंगाला आख्यान असते. पूर्वरंगाची संथ लय उत्तररंगात नाही म्हणून कोणी बुवांना दोष देत नाही. पहिल्या पर्वाचा विषय गाठ कशी बसली हा आहे. दुसऱ्याचा विषय ती गाठ सुटू शकते का, हा आहे. गाठ बसताना दाखवायची तर एकेक वळसा सावकाश दाखवावा लागतो. ती सोडवताना माणसे घाई करतात, चुकीचा धागा ओढतात, कधी कापूनच टाकतात, आणि दुसऱ्या पर्वातील बहुतेक पात्रे हेच करताना दिसतात.

उदाहरण म्हणून इशाकडे पाहावे. ही लहान मुलगी एक शब्द बोलत नाही आणि सहाव्या भागात जीव देते, म्हणून अनेकांनी तिला केवळ प्रेक्षकांना रडवण्यासाठी आणलेले पात्र म्हटले आहे. मला तसे वाटत नाही. इशा जिंक्सच्या मागे मागे फिरते, तिच्यासारखे केस रंगवते, तिच्यासारखी नक्कल करते. जिला आयुष्यभर अपशकुनी ठरवले गेले, तिच्याकडे कोणीतरी आदर्श म्हणून पाहते. जिंक्स पहिल्यांदाच व्हायच्या जागी उभी राहते, सिल्कोच्याही जागी उभी राहते, आणि लहान जिवाला सांभाळणे म्हणजे काय हे तिला कळते. तिच्या शेवटच्या निर्णयाची मुळे इथे आहेत. बहिणीच्या हातून निसटून व्हँडरला घेऊन ती खाली कोसळते, त्याला तिच्या वेडाचे टोक म्हणता येणार नाही. आपल्यामुळे सुरू असलेले चक्र थांबवण्याचा तिचा विचार त्यात आहे. त्याआधी एकोने तिला मरणापासून पुन्हा पुन्हा मागे खेचून आणले नसते, तर नवव्या भागातील हा निर्णय निव्वळ निराशेचा ठरला असता. ही पेरणी नव्हे तर काय?

केटलिनच्या बाबतीत मात्र मला बचाव करता येत नाही. नवव्या भागात तिचा डोळा जातो, अँबेसा मरते, पण झॉनच्या लोकांपुढे ती कधी उभी केली जात नाही. शिक्षा तिला मिळते. ती मात्र ज्यांचा श्वास तिने कोंडला त्यांच्याकडून मिळत नाही. ही उणीव मोठी आहे, आणि ती केवळ वेळेची नाही, या मतापर्यंत मी आलो आहे. शेवटची लढाई सगळ्यांनी एकत्र येऊन लढावी असे ठरले, की झॉनने मागितलेला हिशेब अडचणीचा होतो, म्हणून तो बाजूला ठेवला गेला असावा.

चांदणवेल:

तिघांचेही मनापासून आभार. कुंचला यांनी लिहिल्यावर मी काल रात्री सातवा भाग पुन्हा पाहिला, आणि या वेळी नाचाच्या दृश्यात फक्त हालचालींकडे लक्ष दिले. ते म्हणतात ते खरे आहे. मी दोनदा पाहूनही ते माझ्या नजरेतून सुटले होते. सावळी यांना मी वेगळे उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यांनी जे पाहिले ते मला पाहता येणार नाही.

मृदंगी यांचे इशाबद्दलचे म्हणणे मी मान्य करते, आणि त्यामुळे माझा मूळ प्रश्न अधिक अरुंद झाला. दोन बहिणींची गोष्ट म्हणून पाहिले तर दुसरे पर्व पहिल्याच्या तोडीचे आहे, काही ठिकाणी त्याहून खोल आहे. दोन शहरांची गोष्ट म्हणून पाहिले तर नाही. पहिले पर्व या दोन गोष्टी वेगळ्या होऊ देत नव्हते. पहिल्याच दृश्यात पुलावर प्रेते पडली होती आणि त्यांच्यामधून त्या दोन मुली आईवडिलांना शोधत चालल्या होत्या. घराचे दुःख आणि शहराचे दुःख एकाच पुलावर होते. सिल्कोला स्वतंत्र झॉन हवा होता, तो अगदी हाताशी आला होता, आणि त्याची किंमत म्हणून जिंक्स मागितली गेली तेव्हा तो थबकला. त्या एका थबकण्यात बापही होता आणि क्रांतिकारकही होता.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्या स्वप्नाचे उरते काय, तर परिषदेच्या सभागृहात सेव्हिकाला मिळालेली एक खुर्ची. ती येते, बसते, आणि दृश्य पुढे सरकते. ज्या सेव्हिकाने व्हँडरला सोडले, सिल्कोची साथ धरली, हात गमावला आणि सिल्कोच्या मागे झॉन सांभाळून धरला, तिला तिथे एक वाक्यही नाही. त्या खुर्चीवर बसून तिने त्या वायूबद्दल एकच प्रश्न विचारला असता, तरी मी दुसऱ्या पर्वाला पहिल्याच्या शेजारी ठेवले असते.