शाळेत ‘देशोदेशींचा आठवडा’: आमच्या वाट्याला मॉरिशस

प्रेषक: केतकी
प्रति: इंग्लंडमधल्या मराठी मंडळाची ई-मेल यादी

नमस्कार मंडळी,

मुलाच्या शाळेत हाफ टर्मनंतर (सत्राच्या मधल्या सुट्टीनंतर) अख्ख्या शाळेचा मिळून एक प्रकल्प आहे. रिसेप्शन या सर्वांत लहान वर्गापासून इयर सिक्सपर्यंत प्रत्येक वर्गाला एकेक देश वाटून दिलाय. भूगोल, चित्रकला, गाणी, अगदी गणितसुद्धा त्या देशाच्या निमित्ताने. शेवटच्या शुक्रवारी प्रत्येक वर्गाची खोली म्हणजे तो देश, आणि मुलं हातात कागदी पासपोर्ट घेऊन खोल्याखोल्यांतून शिक्के मारून घेत हिंडणार.

भारत गेलाय इयर टूला. तरी गेटवर गाठून साड्या आणि समोशांबद्दल विचारलं गेलं ते मलाच! असो. आमच्या इयर फोरच्या चिठ्ठीत मॉरिशस निघालं. वर्गशिक्षिका उत्साही आहेत, पण आत्तापर्यंतचा ऐवज म्हणजे डोडोचं एक चित्र, निळ्या समुद्राचे फोटो आणि एक अननस. पालकांतून मदतनीस म्हणून माझं नाव लागलंय. मॉरिशसबद्दल ट्रॅव्हल कंपनीच्या ब्रोशरपलीकडचं कोणाला काही माहीत आहे का? मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत.

केतकी

---

प्रेषक: निखिल

आमच्या हनिमूनचे फोटो आहेत, पण बायको म्हणते तिला कापून मगच पाठवायचे. मग उरतो तो निळा समुद्र, आणि तो तुमच्याकडे आहेच.

एक कामाची गोष्ट सांगतो. बाबांना तिकिटांचा नाद होता, त्यामुळे माहीत आहे. ब्रिटिश वसाहतींमध्ये स्वतःचं टपाल तिकीट सगळ्यात आधी काढलं ते मॉरिशसने, 1847 मध्ये. एक पेनीचं तांबूस-नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं, त्यावर व्हिक्टोरिया राणी आणि बाजूला ‘पोस्ट ऑफिस’ अशी अक्षरं. प्रत्येकी पाचशेच छापली होती. गव्हर्नरच्या बायकोच्या बॉलची, म्हणजे नाचाच्या मेजवानीची, आमंत्रणं धाडायला त्यातली काही वापरली गेली. आता जगात दोन्ही मिळून सत्तावीस शिल्लक आहेत आणि त्यांच्या किमती ऐकून झोप उडते. पासपोर्टवर शिक्काच मारायचा आहे ना? मग मुलांना बटाट्यावर किंवा खोडरबरावर त्या तिकिटासारखा ठसा कोरायला लावा. अक्षरं उलटी कोरायची हे कळायलाच त्यांचा एक तास जाईल.

निखिल

---

प्रेषक: विद्याधर

चि. केतकी,

अगं, ही तर चालून आलेली संधी आहे. मॉरिशस म्हणजे छोटा भारतच. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते! मराठी माणूस तिथे पिढ्यान् पिढ्या आहे. माझं मत असं की वर्गात गणपतीची आरास करावी, आपल्या मंडळाची लेझीम आहेत, मुलांना तीन-चार हात शिकवावेत, मागे मंडळाचा फलक लावावा. फेटे माझ्याकडे आहेत. भारताची खोली तिकडे समोसे आणि बॉलिवूड करत बसेल, महाराष्ट्र आपण मॉरिशसच्या खोलीत दाखवू. कसं?

विद्याधरकाका

---

प्रेषक: लीला

प्रिय केतकी,

मी यादीवर वाचते पण फारसं लिहीत नाही, देवनागरी टाइप करायला मला वेळ लागतो. मी मॉरिशसची. व्हाकोआ गावाजवळ वाढले. सत्तरच्या दशकात नर्सिंग शिकायला इंग्लंडला आले, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ मुली येत. घरात आम्ही क्रेओल (फ्रेंचवरून बनलेली बेटाची भाषा) बोलत होतो, आजीशी मराठी. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी प्राथमिक शाळेत विषय म्हणून घेता यायचा, म्हणून आज हे लिहिते आहे. चुका पोटात घालाव्या.

विद्याधरजी म्हणतात ते खोटं नाही. गणपतीची सुट्टी असते, विसर्जनाला लोक नदीवर, समुद्रावर जातात. आमची मंडळी ‘झाकरी’ नाचतात, गोल फेर धरून. कोकणात गणपतीत जाखडी नाचतात तीच ही. माझ्या घरात सांगत की पणजोबा रत्नागिरीकडचे. पण लेझीम मी पहिल्यांदा पाहिलं ते इथे, तुमच्या मंडळात.

मॉरिशसची गोष्ट आमच्यापासून सुरू होत नाही. त्या बेटावर मूळचं कोणीच नव्हतं. मुलांना हे आधी सांग, त्यांना फार आवडेल: रिकामं बेट, मोठी कासवं आणि उडता न येणारा पक्षी. 1598 मध्ये डच उतरले, त्यांनी आपल्या मॉरिस राजपुत्राचं नाव दिलं. ते शंभर वर्षांनी कंटाळून निघून गेले, तोवर डोडो संपलेला. 1715 मध्ये फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकून घेतलं. मादागास्कर आणि आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली गेली, आणि बेटावर जे उभं राहिलं ते त्यांनी उभं केलं. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाला मजूर हवेच होते, म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं आणणं त्याच सुमारास सुरू झालं. ‘अ‍ॅटलस’ जहाज 2 नोव्हेंबर 1834 ला लागलं. आमच्याकडे 1 फेब्रुवारी आणि 2 नोव्हेंबर दोन्ही सुट्टीचे दिवस आहेत.

पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत पाच लाखांच्या आसपास माणसं आली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून. मुंबईहून आलेले सर्वांत कमी. मराठी लोक तिथे थोडे आहेत, आणि ते थोडेच दाखवावे असं मला वाटतं.

पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर येई, डेपोत एक-दोन दिवस राही, नोंद होई, नंबर मिळे, मग मळ्यावर रवानगी. 2006 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. दक्षिण-पश्चिमेला ल मॉर्न डोंगर आहे, पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपत. तो 2008 मध्ये वारसा झाला. पायऱ्या करायच्या तर डोंगरही करा. एक केलं आणि दुसरं नाही, तर ती आमची गोष्ट होणार नाही.

अजून एक. आमच्याकडे उसाच्या शेतात मध्येच काळ्या दगडांचे ढीग असतात, घराएवढे उंच, नीट रचलेले. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत दगडच दगड. ऊस लावायचा तर आधी ते वेचायचे. पर्यटक विचारतात हे कुठलं देऊळ. देऊळ नाही, हातांनी उचललेले दगड आहेत.

लीला

---

प्रेषक: केतकी

लीलामावशी, तुम्ही इतकी वर्षं कोजागरीला भेटताय आणि यातलं एक अक्षर बोलला नाहीत! (आम्ही विचारलं नाही, हेही खरं.)

शिक्षिकांना तुमचं पत्र इंग्रजी करून पाठवलं. त्या खूश आहेत, पण गुलामगिरीचं आठ वर्षांच्या मुलांना कसं सांगायचं म्हणून थोड्या बिचकतायत. प्राजक्ता, तू शाळेत शिकवतेस, काय म्हणशील?

---

प्रेषक: प्राजक्ता

सांगायचं, साध्या वाक्यांत. माणसांना पकडून आणलं, पगार नव्हता, निघून जायची मुभा नव्हती, काही जण पळाले आणि डोंगरावर राहिले. मुलं प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं द्यायची. मोठ्यांना जड जातं, मुलांना तेवढं नाही. फक्त नाटुकलं करून कोणाला गुलाम, कोणाला मालक बनवायचं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण उत्साहाच्या भरात हे होतं.

बाकी अशा दिवसांचा माझा अनुभव: तीस मुलांचा लोंढा एका खोलीत येतो, सात-आठ मिनिटं थांबतो, निघतो. भिंतीवरचे तक्ते कोणी वाचत नाही. कपडे घालून उभ्या राहिलेल्या मुलांकडे पाहुण्या वर्गातली मुलं एकदा बघतात आणि खाऊ कुठाय विचारतात. लक्षात राहतं ते हाताने केलेलं. तेव्हा खोलीत दोनच गोष्टी ठेवा, पण करायच्या. निखिलचा ठसा आहेच, दुसरी तुम्ही ठरवा. आणि काका, रागावू नका, पण तीस मुलांच्या हातात लेझीम आणि सात मिनिटं म्हणजे फर्स्ट एड बॉक्स जवळ ठेवा.

प्राजक्ता

---

प्रेषक: विद्याधर

लीलाताई,

आपलं पत्र दोनदा वाचलं. माझा मुद्दा वेगळा आहे, तो सांगतो. इथली आपली मुलं शाळेत आपलं वेगळेपण झाकून ठेवतात. डब्यात पोळी-भाजी नको म्हणतात. अशा वेळी परक्या देशाच्या खोलीत का होईना, गणपती दिसला तर त्यांची मान ताठ होईल. यात मॉरिशसचा अपमान कुठे झाला?

विद्याधर

---

प्रेषक: लीला

विद्याधरजी,

अपमान नाही. पण आमच्याकडे उगादीची सुट्टी तेलुगू लोकांची, आणि त्याच दिवशी आमचा पाडवा. थायपुसम कावडी तमिळांची, चिनी नववर्ष, ईद, नाताळ, सगळ्या सुट्ट्या सगळ्यांना. माझ्या लहानपणी शेजारचं क्रेओल कुटुंब (आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातलं) दिवाळीला आमच्या घरच्या मिठाईची वाट बघायचं आणि नाताळचा केक आमच्याकडे यायचा. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरं आहेत, आणि 1998 मध्ये त्यांचा क्रम बदलला म्हणून एवढा गहजब झाला की नव्या नोटा परत घ्याव्या लागल्या. आमच्याकडे कोण पुढे, कोण मागे, हे फार नाजूक असतं. म्हणून म्हणते, गणपती ठेवा, पण कोपऱ्यात, सुट्ट्यांच्या कॅलेंडरवर. भिंतभर नको.

केतकी, हाताने करायची दुसरी गोष्ट म्हणजे सेगा. गुलामांचं नाचगाणं ते, 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. त्यात तीन वाद्यं. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा चपटा डफ, वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात. त्रिकोण शाळेत असेलच. आणि मारावान: उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांत आडवी धरून हलवतात. ही मुलं पुठ्ठ्याच्या खोक्यात मसूर घालून करतील. नाचताना पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत, घासत पुढे जायचं. तुमच्या सात मिनिटांत हे नक्की येईल. उड्या मारायला बंदी म्हटलं की मुलं हसत सुटतात.

लीला

---

प्रेषक: निखिल

लीलामावशी, खाण्याचं काय? ढोल-पुरीचं नाव ऐकून आहे. तिथे रस्त्यावर खाल्लीय, इथे कुठे मिळत नाही.

---

प्रेषक: लीला

ढोल नाही रे, ‘दाल’चंच ते बदललेलं रूप. चण्याची डाळ हळद घालून शिजवायची, पण बोटाने दाबली की मोडेल एवढीच, पीठ होऊ द्यायची नाही. निथळून, गार करून कोरडी वाटायची, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. मैदा डाळीच्याच कोमट पाण्यात भिजवायचा, अगदी सैल. गोळ्यात डाळीची पूड भरून पातळ लाटायची, तव्यावर तेल लावून भाजायची, लाल होऊ द्यायची नाही, मऊच हवी. पुरणपोळी येणाऱ्याला हात बसायला वेळ लागणार नाही, फक्त हे पुरण ओलं नसतं, त्यामुळे लाटताना फुटून कडेने सांडतं. दोन-दोन पुऱ्या एकावर एक ठेवून आत घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे दाट रस्सा, मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. एक कोणी मागत नाही, जोडीच मागायची.

शाळेत मिरची नको. आणि ग्लूटेनचं विचारून घे.

---

प्रेषक: केतकी

ठरलं ते कळवते. शाळेने खाण्याला फक्त साडेतीननंतर, पालक आल्यावर परवानगी दिलीय, यादीतले घटक आधी लिहून द्यायचे. पुऱ्या करायला बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे चार जणी हव्यात. पुरणपोळी येणाऱ्यांना अग्रक्रम. लीलामावशी देखरेख करणार आहेत, त्यामुळे कामात हयगय चालणार नाही.

खोलीत एका बाजूला ल मॉर्न, चिकनमातीचा, मुलं करतायत. दुसऱ्या बाजूला पायऱ्या. दगडांच्या ढिगाचं शिक्षिकांनी गणित केलंय: एका मुलाने एका खेपेत दोन दगड उचलले तर वर्गाएवढा ढीग रचायला किती खेपा. मुलगा रात्री जेवताना तेच मोजत बसतो. इयर टूच्या शिक्षिकांनी साडी परत एकदा मागितली, ती दिली.

आता अडलंय ते पायऱ्यांपाशी. पुठ्ठ्याच्या केल्या तर पहिल्या दहा मिनिटांत बसतील.

केतकी

---

प्रेषक: विद्याधर

केतकी,

पायऱ्या मी करतो. गॅरेजमध्ये 18 मिलिमीटरचं प्लाय पडून आहे. सोळाच्या सोळा बसणार नाहीत, खोलीचं छत आणि हेल्थ अँड सेफ्टी दोन्ही आड येतील. चार पायऱ्या खऱ्या, चढता येतील अशा, उंची सहा इंच, दोन्हीकडे कठडा. उरलेल्या बारा मागे फळीवर रंगवून. लीलाताई, दगडाचा रंग नेमका कसा ते कळवावं, करडा की काळपट? जुना फोटो असेल तर उत्तम.

खोलीच्या दाराची रुंदी मोजून शनिवारपर्यंत पाठव. मागे नाटकाचा सेट दारातून आत जाईना म्हणून ऐनवेळी कापावा लागला होता, ते परत नको.

विद्याधरकाका

---

प्रेषक: लीला

विद्याधरजी, काळपट, बेसॉल्टचा. कडा झिजलेल्या, मध्ये जरा खोलगट. फोटो माझ्या भाच्याकडून मागवते. तो क्युअरपिपला असतो, रविवारीच फोन उचलतो.

आणि तुमचे फेटे शुक्रवारी नकोत, पण गणपतीत मी ते बघायला येईन.

लीला