मुलीला ल्यूपस नेफ्रायटिस (वर्ग 4) : औषधाच्या निवडीबाबत अनुभवी व्यक्तींचे मार्गदर्शन हवे आहे

माझी मुलगी 28 वर्षांची आहे. लग्नाला दोन वर्षे झाली असून ती धायरीला सासरी राहते. आम्ही दोघे सदाशिव पेठेत. मार्चअखेर तिच्या मूत्रपिंडाची बायोप्सी झाली आणि ल्यूपस नेफ्रायटिस, वर्ग 4 असे निदान आले. (ल्यूपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्यातून मूत्रपिंडाला येणारा दाह म्हणजे नेफ्रायटिस; वर्ग 4 म्हणजे मूत्रपिंडातील निम्म्या किंवा अधिक गाळण्यांत पसरलेला दाह.) मी आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले, त्यामुळे आकडा समजल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. येथे मात्र आकडे कळूनही निर्णय होत नाही, म्हणून लिहीत आहे.

दिवाळीपासून तिची बोटे सकाळी आखडत आणि केस मूठमूठ गळत. जवळच्या एका डॉक्टरांनी संधिवात समजून चार महिने वेदनाशामक गोळ्या दिल्या, आणि त्या काळात लघवीची तपासणी एकदाही झाली नाही. (या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात हे आम्हाला फार उशिरा कळले.) लघवीला फेस येतो हे तिने आईलाही सांगितले नव्हते, कारण ते सांगण्यासारखे आहे असे तिला वाटलेच नाही. अखेर कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत लघवीत प्रथिने सापडली.

बायोप्सीच्या वेळी लघवीतील प्रथिने व क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर 3.2 होते, ते 0.5 च्या वर टिकून राहिले तर बायोप्सीचा विचार करतात, असे आम्हाला सांगण्यात आले. रक्तातील क्रिएटिनिन 1.0, रक्तदाब 146/94, सी3 आणि सी4 ही रक्तातील प्रथिने दोन्ही कमी, अँटी-डीएसडीएनए हे ल्यूपसमधील प्रतिपिंड बरेच वाढलेले, म्हणजे आजार सक्रिय. बायोप्सीच्या अहवालात दाहाचा निर्देशांक 24 पैकी 10 आहे, तर कायमच्या हानीचा 12 पैकी केवळ 1. या शेवटच्या आकड्यावर माझी सारी भिस्त आहे, कारण आग मोठी असली तरी घर अजून जळालेले नाही असाच त्याचा अर्थ मी घेतो.

तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले. आता प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडच्या गोळ्या), हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन (ल्यूपसचे नेहमीचे औषध) आणि टेल्मिसार्टन (रक्तदाबासाठी) चालू आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या पुढच्या औषधाविषयी दोन तज्ज्ञांची मते वेगळी पडली. एकांनी सायक्लोफॉस्फमाइड सुचवले आहे : दर पंधरा दिवसांनी 500 मिलिग्रॅम, अशी सहा इंजेक्शने, म्हणजे एकूण 3 ग्रॅम. दुसऱ्यांच्या मते मायकोफेनोलेटच्या गोळ्या, रोज 2 ते 3 ग्रॅम, आणि नंतर कमी मात्रेत काही वर्षे. दोन्ही मार्ग मान्यताप्राप्त आहेत, निवड तुमची, असे दोघेही म्हणाले.

अडचण अपत्याची आहे. सायक्लोफॉस्फमाइडमुळे बीजकोशांना इजा होऊ शकते. ती वयावर आणि एकूण मात्रेवर अवलंबून असते, आणि या कमी मात्रेत धोका कमी आहे. मायकोफेनोलेटने बीजकोशांना धक्का लागत नाही, परंतु ते गर्भाला घातक असल्यामुळे गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे बंद करावे लागते. हे सर्व मी वाचले, पण मुलीशी थेट बोलणे मला जमत नाही. आमचे बोलणे तिच्या आईमार्फत चालते.

दुसरी अडचण घरातली. सूज उतरली, ती पुन्हा हिंडूफिरू लागली, तेव्हा विहीणबाईंना वाटू लागले की आजार गेला, आता गोळ्यांनीच तिचा चेहरा सुजला आहे, त्या थांबवून काढा सुरू करावा. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि जो आजार दुखतही नाही आणि दिसतही नाही, तो त्यांना कसा पटवावा हे मला सुचत नाही. शिवाय 2025 च्या जानेवारीत पुण्यात धायरीजवळच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण आढळले, तेव्हा दूषित पाण्याबद्दल जे ऐकले ते मनातून जात नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असताना तिला काही महिने आमच्याकडे आणावे काय?

प्रतिसाद 1 :
काका, मला हाच वर्ग 4 होता, वय 24. मी सायक्लोफॉस्फमाइडची सहा इंजेक्शने घेतली, नंतर अझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती दाबणारेच दुसरे औषध). आजार पुरेसा शांत झाल्यावरच डॉक्टरांनी गर्भधारणेला होकार दिला. किमान सहा महिने तसे थांबतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन गरोदरपणातही चालू होते. मुलगा चार वर्षांचा आहे. माझे औषध तुमच्या मुलीलाही योग्य ठरेल असे मी म्हणणार नाही. मात्र रक्तातील अँटी-आरओ हे प्रतिपिंड तपासले आहे का, हे अवश्य विचारा, कारण ते असल्यास बाळाच्या हृदयाची गती पोटात असतानाच पाहावी लागते. आणि प्रेडनिसोलोन परस्पर बंद करणे हा पर्यायच नाही. मी ती चूक केली आणि तीन महिन्यांत सूज परत आली.

प्रतिसाद 2 :
माझ्या पत्नीला मायकोफेनोलेटने जुलाब होत. मात्रा दिवसात विभागून दिली, मग गोळी बदलून आवरणयुक्त दिली, तेव्हा सोसले. पाणी मात्र कुठेही राहिलात तरी उकळूनच द्या. त्यासाठी तिला माहेरी आणण्याची गरज नाही. विहीणबाईंसाठी एक सुचवतो : औषधांच्या दुकानात लघवी तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. प्रथिने असतील तर पिवळा चौकोन हिरवा होतो. गुणोत्तराची तपासणी प्रयोगशाळेतच करायची, पण पट्टी घरात सर्वांना दिसते.

मूळ लेखक :
दोघांचेही आभार. अँटी-आरओ तपासलेले नव्हते. शनिवारी रक्त देणार आहोत. औषधाबद्दल मुलीने स्वतःच आईला सांगितले की तिला मायकोफेनोलेट हवे आहे आणि मूल दोन वर्षे थांबू शकते. पट्ट्यांची बाटली मी काल धायरीला दिली. आज सकाळी विहीणबाईंचा फोन आला. बाटलीवरच्या रंगांत आपला हिरवा नेमका कितवा, एवढेच त्यांना विचारायचे होते.