मीटर म्हणतो दोन्ही पांढरे सारखे, डोळा म्हणतो नाही. कुणाचं खरं मानायचं?

जुनेफोटो

नमस्कार मंडळी,

मी जुने फोटो दुरुस्त करतो. स्कॅन करायचा, बुरशीचे ठिपके काढायचे, घडीवर पडलेली चीर बुजवायची, फिकटलेला चेहरा परत वर आणायचा. बहुतेक काम कृष्णधवल फोटोंचं, त्यामुळे रंगावरून कधी डोकं धरून बसावं लागेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत. डावा आठ वर्षांचा जुना एलसीडी, आयपीएस पॅनलवाला. उजवा नवीन, क्वांटम डॉट ओएलईडी. कलरिमीटर (पडद्याचा रंग मोजणारा मीटर) लावून दोन्ही कॅलिब्रेट केले, म्हणजे ठरलेल्या पांढऱ्यावर आणले. लक्ष्य नेहमीचंच, डी६५ पांढरा (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा), उजळपणा १२० निट्स. शेवटी x आणि y, म्हणजे रंगाची जागा सांगणारे दोन आकडे, मोजले तर डाव्याचं x ०.३१२७, y ०.३२९१ आणि उजव्याचं ०.३१२६, ०.३२८९. इतकं जुळलेलं बघून मी खुशीत होतो.

मग एक फोटो दोन्हीकडे उघडला. खुर्चीवर बसलेला माणूस, पांढरा शर्ट, इस्त्रीची कॉलर. डावीकडे कॉलर पांढरी. उजवीकडे तीच कॉलर हिरवट, हौदाच्या पाण्याला शेवाळ धरायला लागलं की झाक येते तशी. अगदी हलकी, पण एकदा दिसली की दुसरं काही दिसेना. ताईला बोलावलं (शेवटची नजर तीच टाकते, माझ्यापेक्षा तिचा हात बारीक आहे). ती म्हणाली, "हिरवट कुठे? मला तर उजवा किंचित गुलाबी वाटतोय." आई मागून येऊन म्हणाली, "दोन्ही पांढरेच आहेत, भांडू नका."

नाईट मोड, ऑटो ब्राइटनेस वगैरे बंद आहे, आधीच सांगून ठेवतो. मॉनिटरच्या जागा बदलून पाहिल्या. अर्धा तास चालू ठेवून, खोलीतला दिवा घालवून पाहिलं. काळ्या कार्डबोर्डला दोन भोकं पाडून त्यातून नुसते दोन पांढरे चौकोन पाहिले. मला हिरवटच दिसतं, ताईला गुलाबीच.

मीटर बिघडलाय, मॉनिटर बिघडलाय, की आमच्या दोघांचे डोळे?

पिक्सेलमोजणी

नवीन पॅनलमध्ये दोष असणार. मुदत आहे तोवर परत करा आणि दुसरा मागवा. कॅलिब्रेशनच्या भानगडीत पडणारी माणसं कायम दुःखीच असतात असं माझं निरीक्षण आहे. ह.घ्या.

तरंगलांबी

परत करू नका, दुसराही असाच दिसेल.

आधी एक शंका काढून टाकू. तुमचं उपकरण कलरिमीटर आहे, म्हणजे आत तीन-चार रंगीत फिल्टर आणि त्यांच्यामागे सेन्सर. हे फिल्टर माणसाच्या डोळ्याची नक्कल करतात, पण ती नक्कल कच्ची असते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेचा प्रकार निवडावा लागतो. दोन्ही स्क्रीन 'व्हाइट एलईडी एलसीडी' म्हणून मोजल्या असतील तर उजवीकडचे आकडे टाकाऊ समजा. ओएलईडीला ओएलईडीची करेक्शन फाइल लावून परत मोजा. मित्राकडे स्पेक्ट्रोमीटर (एकेका तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारा) असेल तर त्याहून बरं.

पण तुम्ही हे केलं असणार असं लिहिण्यावरून वाटतं, आणि केलं असेल तरी फरक राहील. कारण तुमचे तीनही संशयित निर्दोष आहेत. गोंधळ आहे तो x आणि y हे आकडे ज्या तक्त्यातून निघतात त्या तक्त्यात.

डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. समोरून कितीही गुंतागुंतीचा प्रकाश आला तरी मेंदूकडे जातात तीनच आकडे. म्हणून दोन अगदी वेगळे प्रकाश तेच तीन आकडे देऊ शकतात आणि सारखे दिसतात. याला मेटामेरिझम म्हणतात आणि रंगीत पडदा नावाची वस्तू मुळात याच फसवणुकीवर उभी आहे. पडद्यावर पिवळा प्रकाश नसतोच, लाल आणि हिरवा असतो.

आता हे 'तीन आकडे' कुणाच्या डोळ्याचे? १९२० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये राइट यांनी १० जणांवर आणि गिल्ड यांनी ७ जणांवर प्रयोग केले. एका अर्ध्यात एकाच तरंगलांबीचा प्रकाश, दुसऱ्या अर्ध्यात लाल-हिरवा-निळा मिसळून तो जुळवायचा. या १७ जणांच्या सरासरीतून १९३१ साली सीआयईने (प्रकाश आणि रंगाची मानकं ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग) 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. तोही २ अंशांच्या खिडकीतून बघणारा, म्हणजे हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढ्या जागेतून. तुमचा मीटर आजही त्याच माणसाच्या डोळ्याने बघतो आणि तो माणूस कधी जन्मालाच आलेला नाही.

सरासरीपासून प्रत्येकजण थोडा सरकलेला असतो. डोळ्याचं भिंग वयानुसार पिवळं होत जातं आणि निळा जास्त अडवतं. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक पिवळं रंगद्रव्य असतं, ते साधारण ४६० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त शोषतं आणि त्याचं प्रमाण माणसागणिक बदलतं. लाल बाजूच्या शंकुपेशीतल्या प्रथिनात १८० व्या जागी कुणाला सेरीन असतं, कुणाला ॲलानीन. तेवढ्या एका फरकाने संवेदनशीलतेचं शिखर काही नॅनोमीटर सरकतं. दोघांचीही दृष्टी निर्दोष, रंगांधळं कुणीच नाही, सख्खी भावंडं असली तरी.

मग हे आठ वर्षं का जाणवलं नाही? कारण डाव्या मॉनिटरमागे पांढरे एलईडी आहेत. निळ्या एलईडीवर फॉस्फरचा लेप, त्यामुळे हिरव्या-लाल भागात प्रकाश पसरट, टेकडीसारखा. पसरट प्रकाशात तुमचा डोळा चार नॅनोमीटर इकडे सरकलेला असो की तिकडे, बेरीज फारशी बदलत नाही. क्वांटम डॉटचं वैशिष्ट्य नेमकं उलट. कणाचा आकार नेमका ठेवला की रंग नेमका मिळतो, लहान कण निळ्याकडे, मोठा लालकडे. याच कामाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिरवी आणि लाल शिखरं जेमतेम ३०-४० नॅनोमीटर रुंद, सुळक्यासारखी. सुळका तुमच्या शंकुपेशीच्या वक्राच्या उतारावर पडला, तर वक्र किंचित सरकल्यानेही आकडा बदलतो. म्हणजे रंग जितका शुद्ध करत जाल तितकी माणसामाणसांतली फारकत वाढते.

चित्र सुधारण्याच्या शर्यतीतली ही मला सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते. अल्ट्रा एचडी टीव्हीसाठीच्या २०१२ च्या बीटी.२०२० मानकातले तीन मूळ रंग तर ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटर, सरळ एकेकाच तरंगलांबीचे. लेसर प्रोजेक्टर तिथवर पोचतात. कागदावर रंगांचा त्रिकोण, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला, सर्वात मोठा, आणि शेजारी बसलेल्या दोन माणसांचं पांढऱ्यावर एकमत होण्याची शक्यता सर्वात कमी. खोक्यावर छापलेलं 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' (डेल्टा ई म्हणजे रंगातली चूक) हेही त्याच न जन्मलेल्या माणसाच्या हिशोबाने, बरं का.

(जुन्या सीआरटीचे, म्हणजे काचेच्या नळीच्या पडद्यांचे, पसरट फॉस्फर किती छान, असं कुणी म्हणेल. निळा-हिरवा हो. लाल मात्र तेव्हाही सुळक्यांचाच होता.)

ग्रेडिंगवाला

तरंगलांबी यांनी मुळाशी हात घातला. मी व्हिडिओच्या बाजूचा, तिथला अनुभव सांगतो. आमच्याकडे सीआरटीच्या जागी ओएलईडी मॉनिटर आले तेव्हा पहिल्या आठवड्यात हीच बोंब. शेजारी शेजारी ठेवले, मीटरवर जुळवले, आणि नवा हिरवट. आम्ही तीन दिवस केबलींवर संशय घेत होतो.

१९३१ च्या तक्त्यात निळ्या टोकाची संवेदनशीलता कमी धरली गेली होती. जड यांनी ते १९५१ मध्येच दाखवून सुधारणा सुचवली, पुढे व्हॉस यांनी ती आणखी नीट केली. पण तोवर सगळं जग १९३१ वर बसलेलं, कोण हलवणार? सोनीने मात्र आपल्या ओएलईडी मॉनिटरसाठी जड-व्हॉस तक्त्यावरून पांढरा सरकवून दिला. x मधून ०.००६ आणि y मधून ०.०११ वजा. म्हणजे ०.३१२७, ०.३२९० च्या ऐवजी ०.३०७, ०.३१८ च्या आसपास. मीटरला तो चुकीचा दिसतो, बहुतेक माणसांना बरोबर. जुनेफोटो, तुम्हाला हिरवट दिसतं म्हणजे तुम्ही या 'बहुतेकां'तले. ताई वेगळ्या.

शंकासूर

मग मोजायचंच कशाला? प्रत्येकाचा पांढरा वेगळा, तर हजारो रुपयांचं यंत्र विकत घेण्यापेक्षा डोळ्याने जुळवा आणि झोपा.

तरंगलांबी

शंकासूर, डोळ्याने जुळवलेलं डोळ्याला टिकवता येत नाही ना. दहा मिनिटं हिरवट पडद्यासमोर बसलात की मेंदू तोच पांढरा मानायला लागतो. मीटरचं काम 'खरा पांढरा' सांगणं नव्हे, काल जिथे होतो तिथे आज परत नेऊन सोडणं. ते तो चोख करतो.

जुनेफोटो, तुम्ही असं करा. डावा मॉनिटर संदर्भ म्हणून तसाच ठेवा. दोन्हीकडे मध्यम करडा चौकोन, बाकी पडदा काळा, तुमचं कार्डबोर्ड मध्ये. उजव्याचे लाल-हिरवा-निळा गेन (एकेका रंगाचा जोर) हलवत जुळवा. एकदा हिरव्या बाजूने सरकत या, एकदा गुलाबी बाजूने, कारण ज्या बाजूने याल तिकडे हात थोडा आधीच थांबतो. टक लावून बघू नका, दोन सेकंद बघा, नजर दुसरीकडे न्या. पाच-सहा वेळा करा, दर वेळी मीटरने x, y नोंदवा, सरासरी काढा. तो उजव्या मॉनिटरचा पांढरा, तुमच्यापुरता. पुढच्या महिन्यात कॅलिब्रेट करताना डी६५ ऐवजी हेच लक्ष्य द्या.

संशोधन कुठवर आलंय तेही थोडक्यात. सीआयईने २००६ मध्ये शंकुपेशींच्या मोजणीवरून नवा तक्ता दिला, त्यात वय आणि दृश्याचा कोन भरता येतो. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या असानो, फेअरचाइल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एकेका माणसाचं मॉडेल मांडलं. भिंगाचा पिवळेपणा, मध्यभागीचं रंगद्रव्य, तीन शंकुपेशींची घनता आणि त्यांची शिखरं, असे आठ आकडे. दुसरी वाट म्हणजे तीनऐवजी चार-पाच-सहा मूळ रंगांचे पडदे. रंग जास्त असले की तोच पांढरा अनेक प्रकारे बनवता येतो, आणि त्यातून माणसांमध्ये सगळ्यात कमी भांडण लावणारा प्रकार निवडता येतो. प्रयोगशाळेत जमतं. टेबलावर यायला मूळ रंग वाढवणं आलं, म्हणजे पिक्सेलचे तुकडे आणखी बारीक, प्रत्येकाला वाट्याला जागा कमी. उत्पादक त्यापेक्षा खोक्यावर निट्सचा आकडा वाढवतील असं मला वाटतं. तो दुकानात लांबूनही दिसतो.

पिक्सेलमोजणी

मी माझा 'परत करा' मागे घेतो. घरी लॅपटॉप आणि टीव्हीवर बायकोशी हाच वाद आहे. आजवर तिला चष्मा बदल म्हणून सांगत होतो.

जुनेफोटो

सगळ्यांचे आभार. करेक्शन फाइल बरोबरच होती, परत तपासली. काल रात्री प्रयोग केला.

माझ्या सहा फेऱ्यांची सरासरी x ०.३०८, y ०.३१९. ग्रेडिंगवाल्यांनी दिलेल्या आकड्याच्या इतकी जवळ की मी मुद्दाम तो कागद उलटा ठेवून दोन फेऱ्या परत केल्या. तेच. बाजूचा मुद्दाही खरा निघाला, गुलाबीकडून आलो की y कमीच राहायचा.

मग ताईला बसवलं, माझे आकडे न दाखवता. तिची सरासरी ०.३१३, ०.३३२. ती मीटरपेक्षाही थोडी हिरव्या बाजूला थांबली. तिच्या पांढऱ्यावर कॉलर बघितली आणि मला हसूच आलं, मला ती शेवाळात बुडवलेली दिसत होती. तिला माझी कॉलर पावडर लावल्यासारखी. आई सहाही वेळा पहिल्याच झटक्यात "झालं" म्हणाली आणि सहाही वेळा वेगळे आकडे आले, तेव्हा तिला सोडून दिलं.

सध्या उजव्या मॉनिटरवर दोन प्रोफाइल ठेवली आहेत, एकावर माझं नाव, एकावर तिचं. खुर्चीत जो बसेल तो आपलं लावतो. काल ती उठल्यावर मी बदलायला विसरलो आणि अर्धा तास एका बाईच्या केसांतला हिरवा काढत बसलो होतो. तो फोटो आता परत पहिल्यापासून.